एकशे चौदा नंबरची मालकी

साकोलीच्या रजिस्ट्री ऑफिसात आनंदराव शिपाई म्हणून लागले तेव्हा त्यांना धड मिसरूड फुटली नव्हती, आणि एक्याऐंशी साली निवृत्त झाले तेव्हा डोक्यावर मोजता येतील एवढेच केस उरले होते. मधल्या अडतीस वर्षांत त्यांनी अख्ख्या तालुक्याचे अंगठे शाईत बुडवले. विकणाऱ्याचा अंगठा जड येतो आणि घेणाऱ्याचा आपणहून पुढे येतो, हे त्यांना मान वर न करता कळायचं. खरेदीखत तर तोंडपाठ. आपल्या गावाहून, एकोडीहून, साकोलीला सायकल हाणताना ओठांवर तेच चालू असायचं: "सदरहू जमीन जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह, चतुःसीमापूर्वक, तुम्हांस कायम खरेदी दिली असे." गावात लोक त्यांना मागून 'रजिस्ट्रार' म्हणत. आनंदरावांना ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला सांगा, आवडतही होतं.

पण त्यांच्या स्वतःच्या नावावर मातीचं ढेकूळ नव्हतं. त्यांचे वडील चिंधूजी जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत राबले. बांधी म्हणजे धानाची शेती, आणि बांधीभोवतीचा बांध तो धुरा. एका दुपारी चिंधूजी धुऱ्यावरच्या सावलीत भाकर खायला बसले होते आणि मालकाचे पाहुणे आले, तर "ऊठ रे तिथून" म्हणून त्यांना उठवलं. चिंधूजी मुकाट उठले आणि उरलेली भाकर उन्हात उभ्यानं खाल्ली. आनंदराव तेव्हा आठ वर्षांचे होते. छप्पन साली सगळा मोहल्ला बौद्ध झाला, पोरं शिकली, घरांवर कवेलू चढले, आनंदरावांचा मुलगा तर नागपुरात कारकून झाला. पण ते 'ऊठ' काही आनंदरावांच्या मनातून गेलं नाही. आपली अशी जमीन पाहिजे, जिथून आपल्याला कोणी उठवणार नाही आणि आपल्याला विचारल्याशिवाय जिथे कोणी पाऊल टाकणार नाही. आयुष्यात मागणं असं हे एकच होतं, आणि निवृत्तीच्या वेळी ते हाताशी आलं.

झालं असं, की मारोतरावांनी खसरा नंबर एकशे चौदा विकायला काढला. मारोतराव म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारांचे नातू; चिंधूजी राबले ते याच घराच्या बांध्यांत. मालगुजारी गेली त्याला तीस वर्षं झाली होती, तलाव सरकारजमा झाला होता, पण तलावाखालच्या चांगल्या बांध्या अजून त्यांच्याचकडे होत्या. मुलं शहरात रमली, एवढी शेती उरकेना, म्हणून कडेचा दीड एकराचा तुकडा त्यांनी काढला. आनंदरावांनी भाव पाडून मागितला नाही की दुसऱ्याला विचारत बसले नाहीत.

खताच्या दिवशी साकोलीला अर्जनवीस मजकूर लिहीत बसला होता. मारोतराव मध्येच म्हणाले, "आनंदराव, त्या बांधीत मोहाचं झाड हाये ना, ते बायजाबाईचं हाये. आन् खालच्या बांधीवाल्या डोमाले पानी तिथूनच जाते. हे लिवून टाकू का?"

आनंदरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. हे 'सोडून' आणि ते 'वगळून' लिहिलेल्या कागदांवरून झालेली भांडणं त्यांनी अडतीस वर्षं पाहिली होती. आपला कागद तरी धुतल्यासारखा असावा, ही त्यांची हौस. ते म्हणाले, "नोको जी. वगळून-बिगळून काई नोको. जल, तरू, तृण, सगळं सरळ लिवू द्या."

"तुमी जानकार," मारोतराव म्हणाले आणि त्यांनी सही केली. आनंदरावांना सही येत होती, तरी त्यांनी त्या दिवशी हट्टानं सहीच्या शेजारी अंगठाही उमटवला. साहेब हसले. नवा शिपाई शाई पुसायला कापड द्यायला विसरला, याबद्दल आनंदरावांनी त्याला चार शब्द ऐकवले.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बांधीला चारही बाजूंनी काटेरी तार ठोकली. धानाच्या मुलखात बांधीला कुंपण कोणी घालत नाही. घालणार कसं, पाणी एका बांधीतून दुसरीत जातं आणि माणूसही एका धुऱ्यावरून दुसऱ्यावर. येणारेजाणारे थांबून बघू लागले. पंचफुला, आनंदरावांची बायको, डोक्यावरची पाटी उतरवून खांबांकडे बघत राहिली.

"आयकता का जी," ती म्हणाली, "हे धानाले जेल काहून केली?"

"आपली जमीन हाये, म्हनून."

"आपली हाये हे धानाले बी मालूम हाये, मले बी मालूम हाये. तार कोनाले सांगून राहिली?"

आनंदरावांनी फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

चैत्रात मोह गळू लागला. एका सकाळी आनंदराव बांधीवर येतात तो झाडाखाली कोणी वाकून मोहफुलं वेचतंय. टोपली अर्धी भरलेली, लुगड्याचा पदर तारेला अडकून फाटलेला. सत्तरीची बायजाबाई तारेखालून सरपटत आत शिरली होती. आनंदरावांचा पारा चढला. कुलूप काढून ते आत शिरले.

"काय वो बायजाबाई, कोनाले विचारून आत आली?"

बायजाबाईनं मान वर केली नाही. "माह्या झाडाखाली याले कोनाले विचारू, आनंदा?"

"माझ्या खतात लिवलं हाये, तरू म्हनून. तरू म्हनजे झाड."

"असंल. कोनतं बी झाड असंल. हे माह्या सासऱ्याचं हाये. तलावाची पार फुटली होती तईं तीन दिवस पान्यात उभा राहून त्यानं ते भगदाड बुजवलं. बुढ्या मालगुजारानं त्याले हे झाड देल्लं, आन् बंदोबस्ताची सरकारी मोजनी झाली तईं लिवून घेतलं." मग ती सरळ उभी राहिली आणि फाटका पदर त्यांच्यापुढे धरला. "जमीन तुही, झाड माहं. आन् हे लुगडं बी माहंच होतं."

आनंदराव तडक मारोतरावांच्या घरी गेले. मारोतराव ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी त तवाच सांगतलं होतं. माहं होतं ते मी तुमाले विकलं. जे माहं नव्हतं ते मी विकीन कसं? कागदावर लिवलं म्हनून का होते ते?"

हे वाक्य आनंदरावांना फार लागलं, कारण ऑफिसात साहेब हेच वाक्य दुसऱ्यांना सांगायचे आणि आनंदराव मागे उभं राहून मान डोलवायचे. तरी ते हार मानणारे नव्हते. कागदाचा माणूस कागदाकडेच जाणार. ते ग्रामपंचायतीच्या खोलीत तलाठी केवळराम यांच्यासमोर जाऊन बसले.

केवळराम तरुण होता, पण दप्तर चोख ठेवायचा. त्यानं एकशे चौदाचा सातबारा काढला. मालकाच्या रकान्यात आनंदरावांचं नाव नव्या शाईत चढलेलं होतं. ते बघून आनंदरावांना क्षणभर बरं वाटलं. मग केवळरामचं बोट शेजारच्या रकान्यावर गेलं. तिथे वर लिहिलं होतं, इतर हक्क. आणि खाली, जुन्या अक्षरात, मोह झाड एक, बायजाबाईच्या सासऱ्याचं नाव, वारस बायजाबाई.

"फळ, फूल तिचं," केवळराम म्हणाला. "झाड पडलं त लाकूड बी तिचं. तुमाले तोडता येत नाई, तिले येऊ नको म्हनता येत नाई."

"बरं. पन डोमाचं काय? तो मारोतरावाकडून पानी घेत होता, आता मालक मी हाये."

केवळरामनं कपाटातून लाल फडक्यात बांधलेलं एक बाड काढलं. हे गावाचं वाजिब-उल-अर्ज. कोणाच्या शेतातून कोणाला वाट आहे, कोणाचं पाणी कोणाच्या बांधीतून जातं, हे जुन्या बंदोबस्तात गावासमोर विचारून यात लिहून ठेवलेलं असतं. जमिनीचा मालक बदलला तरी हे बदलत नाही. केवळरामनं वाचलं: "एकशे पंधरा नंबरास पाणी एकशे चौदाच्या धुऱ्यावरून. एकशे पंधराचा कास्तकार धुरा फोडून पाणी घेईल व परत बांधील. हरकत करता येणार नाही."

"म्हनजे झाड बायजाबाईचं, पानी डोमाचं," आनंदराव म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "मंग मी घेतलं काय, बापू?"

"थांबा, अजून हाये," म्हणून केवळराम पान उलटायला लागला. पण आनंदरावांना तेवढं पुरे झालं होतं. अजून कोणाकोणाची नावं निघतात कोण जाणे, या धास्तीनं ते उठले आणि चपला घालून चालू लागले.

महिनाभर ते घुश्शात होते. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं, आणि बघतात तर त्यावर सगळ्यांचे हात. पण कायद्याच्या बाहेर जाणारा माणूस तो नव्हे. त्यांनी झाडाच्या बाजूची तार कापून बायजाबाईपुरती वाट केली, अगदी तिच्या बेताची, एक वीतही जास्त नाही. बायजाबाई दुसऱ्या दिवशी मुद्दाम टोपली कमरेवर आडवी धरून आली, म्हणून ती वाट आणखी कापावी लागली. पंचफुला तोंडावर पदर धरून हसत होती.

डोमाच्या बाबतीत मात्र त्यांनी अट घातली. डोमा दिसला तेव्हा ते म्हणाले, "तुले पानी नाई म्हनत नाई मी. पन मले मागत जाय. मागतलं का देईन."

डोमा तसा गरीब माणूस, दोन बांध्यांचा धनी. पण तो म्हणाला, "मागून घेतलं त मंग हक्क कायचा, आनंदराव?" आणि कुदळ खांद्यावर टाकून निघून गेला. आनंदरावांना हे उद्धट वाटलं.

पावसाळा चांगला झाला. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं उगवली, ती बांधीत लावून रोवणा झाला. पंचफुलेनं मोहल्ल्यातल्या बाया गोळा करून दोन दिवसांत बांधी हिरवी केली. आनंदराव धुऱ्यावर छत्री घेऊन उभे राहिले आणि सगळ्यांना सूचना देत राहिले; रोवणा कसा करतात हे त्या बायांना जन्मापासून येत होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. सांजच्याला ते घरी परतले तेव्हा पाय दुखत होते आणि ते फार खुशीत होते. सगळं आपलं नसलं तरी हिरवं तरी आपलं आहे, असं ते पंचफुलेला म्हणाले.

आणि आश्विनात पाऊस थांबला. उशिरा पिकणारं भारी धान निसवायला आलं होतं, लोंबीत दूध भरायचे दिवस. अशा वेळी पंधरा दिवस पाणी नाही मिळालं तर दाण्याच्या जागी पोचट उरतो. गावानं बसून तलावाचं पाणी सोडायचं ठरवलं. पाणी मारोतरावांच्या बांध्यांत आलं, तिथे काठोकाठ भरलं, आणि एकशे चौदाच्या अलीकडे धुऱ्याला येऊन थांबलं. आजवर दोन्हीकडे मालक एकच होता, गडी धुरा फोडायचा आणि पाणी आपसूक खाली यायचं. आता गडी धुरा फोडेना. आनंदरावांच्या बांधीला भेगा पडू लागल्या.

एक दिवस गेला, दुसरा गेला. आनंदराव सकाळी जाऊन ते पलीकडचं पाणी बघायचे आणि परत यायचे. मारोतरावांच्या दारी जाऊन हात जोडायचे, पाणी द्या म्हणायचं, हे त्यांच्यानं होईना. बापानं ज्या घरासमोर जन्मभर हात जोडले, तिथेच जमिनीचा मालक होऊनही हात जोडायचे, तर मग जमीन घेतली कशाला, असं त्यांना वाटे. जेवण जाईना. डोमाही खालून येऊन त्यांची कोरडी बांधी बघून जायचा.

"डोमाले तुमी म्हनलं, माग," पंचफुला शेवटी म्हणाली. "आता तुमी मागा."

"मागनार नाई."

"मंग त्या तलाठ्याच्या बाडात जाऊन पाहा. डोमाचं पानी लिवलं हाये, त डोमाच्या वर जो हाये त्याचं बी कोनी लिवलंच असंल. का सरकारनं डोमाचाच लाड केला?"

अडतीस वर्षं रजिस्ट्रीत काढलेल्या माणसाला जे सुचलं नव्हतं ते हिला चुलीपुढे बसून सुचलं होतं. आनंदरावांनी टोपी घातली आणि ते निघाले.

केवळरामनं बाड सोडलं. "त्या दिवशी तुमी मले पान उलटू नाई देल्लं," तो म्हणाला आणि त्यानं पान उलटलं. जुन्या बंदोबस्ताच्या वेळी एकशे चौदा दुसऱ्याच कास्तकाराकडे होती, त्याच्यासाठी लिहिलेलं होतं: "एकशे चौदा नंबरास पाणी एकशे आठ व एकशे बाराच्या धुऱ्यांवरून. एकशे चौदाचा कास्तकार सदर धुऱ्यांवरून जाईल, धुरा फोडून पाणी घेईल व परत बांधील. हरकत करता येणार नाही."

एकशे आठ आणि एकशे बारा मारोतरावांच्या होत्या. आनंदरावांनी ते एकदा ऐकलं, मग चष्मा लावून स्वतः वाचलं. 'एकशे चौदाचा कास्तकार' या शब्दांवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं होतं. चिंधूजी ज्या धुऱ्यांवर कोणाच्या तरी हुकमाशिवाय कधी चढले नव्हते, त्या धुऱ्यांवरून जायचा हक्क त्यांच्या मुलानं दीड एकराबरोबर विकत घेतला होता आणि मुलाला पत्ताच नव्हता. खतात त्याचा एका अक्षरानंही उल्लेख नव्हता. आनंदरावांचे डोळे भरून आले. केवळरामनं दुसरीकडे बघितलं आणि उगाच दौत सरकवली.

घरून कुदळ घेऊन ते सरळ एकशे बारा नंबरच्या धुऱ्यावर चढले. धुरा अरुंद, दोन्हीकडे चिखल आणि धान. अर्ध्यात आले तर समोरून मारोतराव येत होते. दोन माणसं समोरासमोर आली की एकाला चिखलात उतरावंच लागतं, अशी ती जागा. आनंदरावांचा डावा पाय आपोआप खाली उतरू लागला. तो तसाच अर्धा राहिला, कारण त्याआधी मारोतराव स्वतःच वहाणांसकट चिखलात उतरले होते.

"पानी घ्याले निघाला का?" त्यांनी विचारलं.

आनंदरावांनी बाडातला मजकूर मनात घोळवून ठेवला होता, नंबरांसकट. तो सगळा बाजूलाच राहिला. ते एवढंच म्हणाले, "हो जी."

"मंग इतका उशीर काहून केला? धान करपून राहिलं. मी दोन दिवसापासून वाट पाहून राहिलो, का आज येते, का उद्या येते."

"तुमी पानी सोडलं नाई, म्हनून..."

"मी काहून सोडू?" मारोतरावांनी पाय चिखलातून ओढून दुसरीकडे ठेवला. "मी सोडलं असतं त गावानं म्हनलं असतं, मारोतरावनं चिंधूच्या पोराले पानी देल्लं. देनारा मी कोन? तुमचं हाये, तुमीच घ्या. जा, वरच्या कोपऱ्यात फोडा, तठी माती पोकळ हाये."

आनंदराव पुढे गेले. वरच्या कोपऱ्यात त्यांनी कुदळीचे चार घाव घातले. पाणी आधी गढूळ आलं, मग मोकळं झालं आणि एकशे चौदात पसरत गेलं. भेगांमधून बुडबुडे निघू लागले. त्यांनी धोतर खोचलं, आत उतरून चालले, परत आले. अर्ध्या तासात पाणी खालच्या धुऱ्याला लागलं. पलीकडे डोमाची बांधी तशीच कोरडी होती.

कुदळ हातातच होती. एक घाव घातला की डोमाचं काम झालं असतं. आनंदरावांनी ती उचललीही. मग त्यांनी ती हळूच खाली ठेवली आणि धुऱ्यावर बसून राहिले. तेवढ्यात डोमा आलाच. पाणी दिसलं तसा तो लगबगीनं आला, पण आनंदरावांना बघून चार हातांवर थांबला. आता हा मागायला लावतो, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आनंदराव उठले आणि धुऱ्यावरून चिखलात उतरले. अजून डोमा हलला नाही.

"उभा काहून राहिला, डोमा?" ते म्हणाले. "ये, फोड. मी तुह्यासाठीच बसून होतो."